रडणारीला ठाऊक नसावं

मानसिंग दिघे आपल्या धाकट्या भावाच्या, कुमारच्या बायकोशी, लताशी, कधी थेट बोलत नसत. थोरल्या दिरानं भावजयीशी भिंतीकडं बघून बोलायचं, ही हिर्डोशीच्या त्या घरातली जुनी रीत. पाणी हवं असलं तर "कुमार, पाणी मिळंल का बघ," आणि कुमार भोरच्या डेपोत असला तर तेच वाक्य भिंतीला. लताचं पोरगं फौजेत गेलं, सून घरात आली, तरी ही रीत मोडली नव्हती. म्हणून त्या सकाळी भावजींनी चहाची बशी खाली ठेवली, सरळ तिच्याकडं पाहिलं आणि "लता, तू सांग," म्हणाले, तेव्हा तिनं आधी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का म्हणून.

सांगायचं होतं ते एवढंच, की तिच्या लेकीनं, चैत्रालीनं, आज संध्याकाळी भोरच्या कार्यक्रमात गायचं की नाही.

भावजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. खोऱ्यातल्या माजी सैनिकांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. गावातली पोरं आदल्या दिवशी त्यांच्याकडं येऊन गेली होती. चैत्रालीनं जवानांचा अपमान केलाय, ती गाणार असेल तर कार्यक्रम बंद पाडू, असं त्यांचं म्हणणं. भावजींनी त्यांना आज दुपारपर्यंत थोपवून धरलं होतं.

"जवानाच्या आईपुढं गावात कोन तोंड वर करून बोलनार न्हाई," ते म्हणाले. "तू म्हनलीस गाऊ नको, तर पोरगी गानार न्हाई. मोबाईलवर माफी मागंल आनि गानं काढून टाकंल. तू म्हनलीस गाऊ दे, तर मी सोता मांडवाच्या दारात उभा ऱ्हातो. मग कोन येतंय ते बघतो. पन दोनच्या यष्टीच्या आत काय ते सांग."

लतानं नवऱ्याकडं पाहिलं. कुमार डेपोत मेकॅनिक. इंजिनाचा बारीकसा आवाजही त्याच्या कानातून सुटत नसे, पण घरातले आवाज वाढले की त्याला बहिरेपण यायचं. तो ओसरीच्या कडेला बसून मुलाच्या जुन्या सायकलची चेन तपासत होता. चेन चांगली होती.

गाणं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. न ऐकून सांगता कुणाला. चैत्रालीच्या बँडचं नाव 'खडीमशीन'. भोरच्या वकिलाचा मुलगा वरद गिटारवर, दोघं सारोळ्याची पोरं ड्रम आणि बेसवर, आणि गाणारी ही. हायवेलगत खडीमशीनच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची तालीम चालायची. तिथं कितीही आवाज केला तरी कुणी तक्रार करत नसे, म्हणून बँडला तेच नाव पडलं. आधी त्यांनी लग्नांत, गणपतीत दुसऱ्यांची गाणी वाजवली, मग स्वतःची केली. सीमेवर तोफा सुरू झाल्या, गावोगाव डीजेवर शत्रूचं रक्त मागणारी गाणी घुमू लागली, आणि चैत्रालीनं हे गाणं लिहिलं. जड ठेका, करवत लागल्यासारखी गिटार, आणि त्यावर ती घसा फोडून म्हणायची:

हार आला, फोटो आला,
भाषण आलं साहेबांचं,
झेंडा आला, बिगुल आला,
सगळं कसं वेळेवर आलं,
माणूस तेवढा आला नाही.

नकाशावर रेघ कुणाची?
रेघेवर पोरगा कुणाचा?
रेघ पुसा, नाहीतर
एकदा तुमचा पाठवा.

एवढ्यावर थांबलं असतं तर गावानं कदाचित कानाआड केलं असतं. पण शेवटी सगळी वाद्यं एकदम बंद होतात आणि चैत्राली एकटी हेल काढते. मयताच्या घरी बायका नात्याची हाक घालून सुरात रडतात, तो हेल. हा तिनं सखूबाईंकडून उचलला होता. सखूबाई कुमारची चुलती. त्यांचे मालक एकाहत्तरच्या लढाईत गेले. अजूनही भाताच्या लावणीत, चिखलात वाकलेल्या असताना, त्यांच्या तोंडून मधूनच यायचं: ताटातला भात निवला, धनी. दारातला कंदील इझला, धनी.

'धनी' चैत्रालीच्या तोंडी बसेना. तिनं तिथं 'दादा' घातलं. गाणं बहिणीचं झालं. वरदला ते इतकं आवडलं की त्यानं गिटार खाली ठेवली.

चैत्रालीला खरोखरचा दादा होता. इंद्रजित. तो त्याच रेघेवर उभा होता आणि त्याच्याच काळजीपोटी तिनं गाणं लिहिलं होतं. पण जित्या माणसाच्या नात्यानं हेल काढायचा नसतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कुणी शिकवत नाही.

गावातल्या कुणीतरी गाण्यातला तेवढाच हेलाचा तुकडा कापून मोबाईलवर पुढं पाठवला. चित्र नाही, वाद्यं नाहीत, नुसता आवाज. खाली लिहिलेलं, 'हिर्डोशीच्या जवानाची बहीण'. तो तुकडा खोऱ्यात फिरून आला आणि येताना अपमान, देशद्रोह असे मोठाले शब्द सोबत घेऊन आला. लताला त्या शब्दांची भीती नव्हती. लढाई नको हे तिला पटत होतं, पोर सीमेवर असलेल्या कुठल्या आईला पटणार नाही? तिची भीती अडाणी होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. गाणं बाहेर आलं आणि त्याच आठवड्यात इंद्रजितचा फोन यायचा थांबला.

हिर्डोशीत मोबाईलला रेंज मिळायची ती स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत. लताचा फोन तिथं गजाला फडक्यानं बांधून ठेवलेला असायचा. घरातलं माणूस आत आलं की आधी खिडकीकडं बघायचं आणि मग चुलीकडं.

शेफाली, इंद्रजितची बायको, भाकरीचं पीठ मळता मळता तिकडंच बघत होती. ही सारोळ्याची. बापाचं हायवेला हॉटेल, त्यामुळं बोलायला धीट. नणंद-भावजयीचं गूळपीठ असं होतं की चैत्रालीला पहिला चांगला माईक शेफालीनंच आणून दिला. आता दोघी एका ओसरीवर बसत नव्हत्या. सासूला एकटं गाठून शेफालीनं आपलं म्हणणं मांडलं. गाणं चांगलं आहे, मीच ते सगळ्यात आधी ऐकलं, पण तेव्हा हा हेल त्यात नव्हता. लोक काय म्हणतात त्याच्याशी मला देणंघेणं नाही. आज ती तेच लोकांपुढं उभी राहून पुन्हा म्हणणार, आणि तिकडून काही कळत नाही.

पीठ मळायचं थांबवून ती म्हणाली, "आई, तिच्या दादाला काही झालं, तर ती दुसरं गाणं लिहील. मी काय करू?"

 लतानं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

ओसरीवर चैत्राली आणि भावजी यांची जुंपली होती. चैत्राली त्यांना आप्पा म्हणायची आणि लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून नीरेचा पूर बघायची. आता ती ताठ उभी होती. माफी मागायची तर दादाची मागेन, डीजेवाल्यांची का मागू, असं तिचं म्हणणं. भावजींनी आवाज चढवला नाही. गाण्यानं लढाई थांबत नाही, एवढंच ते म्हणाले.

"सुरू मात्र होते, आप्पा. तुमच्या मोबाईलवर सकाळपासून जी गाणी वाजतायत, ती कशासाठी असतात?"

"पोरगी खोटं काय बोलली?" कुमार चेनवरून नजर न काढता म्हणाला.

"तू चेन बघ," भावजी म्हणाले. मग ते पुतणीकडं वळले. बोलले तेव्हा हवालदार बोलत नव्हता. "चैतू, म्या बर्फात बसलोय. राती पोस्टवर बसलेल्या पोराला लढाई बरी का वाईट ह्ये कोन इचारत न्हाई, आनि त्योबी इचारत न्हाई. त्येला घरून एकच पायजे आसतं. मागं समदं ठीक हाय. तुजं गानं त्येला सांगतंय, की मागं रडारड चाललीया."

चैत्रालीची नजर खाली गेली. दारात उभ्या लतानं ते पाहिलं. लेक पहिल्यांदाच गडबडली होती. लताला बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

तेवढ्यात सखूबाई आल्या. वरच्या वाडीतून उतरत, ओच्यात करवंदं. पायरीवर बसून त्यांनी करवंदं लताच्या हवाली केली, पाणी प्याल्या आणि चैत्रालीला समोर बसायला सांगितलं. भावजी जरा सरसावून बसले. म्हातारीचं वजन आपल्या पारड्यात पडणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"माजं रडनं हाय त्ये," सखूबाई म्हणाल्या. "इचारलंस का मला?"

"नाही."

"का न्हाई?"

 चैत्राली म्हणाली, चुकलं. त्या दिवसातली तिची ती एकच माफी, आणि ती मोबाईलवर नव्हती.

सखूबाईंनी मग जे सांगितलं ते घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. मेडल द्यायला साहेब आले, त्यांनी भाषण केलं, वीराची बायको रडत नसते असं म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांपुढं सखूबाई रडल्या नाहीत. सासूही नाही. पाऊस लागला, लावण्या सुरू झाल्या, तेव्हा शेतात त्या एकट्या असताना तो हेल बाहेर पडला.

"तवा बैलांबिगर कोनी ऐकला न्हवता त्यो. तू माईकवर घातलास."

"मी गाणार नाही, आजी. तुम्ही म्हणत असाल तर."

"म्या कवा म्हनले तसं? घातलास त्यो घातलास. पन नीट तरी म्हन की. 'निवला'वर येवढा जोर कशापायी? मानूस तितं दमानं तुटतं, वरडत न्हाई."

भावजींनी भिंतीकडं पाहिलं.

शेफाली आतून आली, हाताला पीठ तसंच. तिनं आडपडदा न ठेवता विचारलं, की जित्या माणसावर हेल काढला तर त्याला बाधतो का.  लताच्या मनातला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडला होता, आणि तो असा उघड्यावर आल्यावर ती पुढं येऊन पायरीजवळ टेकली.

सखूबाईंनी उत्तर द्यायच्या आधी कुमारकडं बोट केलं. हा कुमार, त्या म्हणाल्या, लंगोटीत होता तेव्हा खळ्यावर याच्या डोक्याला कावळा शिवला. कावळा शिवणं म्हणजे मरणाचं बोलावणं. त्यावर उपाय एकच. याच्या आजोळी, वेल्ह्याकडं, माणूस धाडला आणि निरोप दिला, की कुमार गेला. आजी आणि मामी डोंगर चढून, ऊर बडवत, हेल काढत हिर्डोशीत उतरल्या. बघतात तर कुमार दारात बसून गूळ खातोय. आजीनं निरोप्याला पायताणानं हाणलं.

"मलाबी हाणलं व्हतं," कुमार म्हणाला.

"पन टळलं का न्हाई? पन्नाशी उलाटली, आजून नटबोल्ट पिळतोय. मेल्याची बातमी धाडायची, मानसं खरी समजून रडली की आलेलं माघारी जातं. आयुष्य वाढतं."

शेफालीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. म्हणजे या हेलानं वाईट काही होणार नाही, उलट चांगलंच होईल, असं ती घाईघाईनं म्हणाली. लतानंही तेच पकडलं, बुडत्यानं काडी धरावी तसं. सखूबाईंनी मान हलवली.

"तसं न्हाई, बाय. रडनारीला ठावं आसून चालत न्हाई. आजीला ठावं न्हवतं, म्हनून लागू पडलं. ह्या चैतूला ठावं हाय, दादा जिता हाय म्हनून. मंग त्ये सोंग झालं. सोंगानं वाईट व्हत न्हाई आनि बरंबी व्हत न्हाई."

चैत्राली कपाळाला हात लावून बसली. आपल्या गाण्यावर देशद्रोहापासून कावळ्यापर्यंत सगळ्यांचा विचार झाला, ते कशाबद्दल आहे एवढं सोडून, असं ती पुटपुटली. तिचं खरंच होतं. पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं, कारण मागच्या खिडकीत फोन वाजला.

लता कशी पोचली ते तिला नंतर आठवलं नाही. गजाला बांधलेला फोन सोडवण्यात वेळ नको म्हणून तिनं कानच गजाला लावला.

"कोण? कोण बोलतंय?" तिकडून आवाज आला. इंद्रजितच, पण घोगरा.

"आरं मी. आई."

तिकडं काहीच नाही. फोन गेला असं तिला वाटलं. मग श्वास ऐकू आला.

"आई, तू आहेस ना?"

"हाय की. हितंच हाय."

"मला वाटलं तू गेलीस."

तो तुटक तुटक सांगत गेला. त्याच्या तुकडीतल्या कुणाच्या तरी मोबाईलवर गावाकडून एक आवाज आला होता. हिर्डोशीचं नाव लिहिलेलं. लावून बघितला तर चैतू हेल काढून रडत होती आणि दादा, दादा करत होती. त्याला वाटलं, ती आपल्यालाच हाक मारतेय. घरात कुणीतरी गेलं आणि ती दादाला कळवतेय. ताटातला भात निवला म्हणजे वाढणारी गेली, आईच. त्यानंतर लगेच वरच्या पोस्टवर हलवलं, फोन काढून घेतले, विचारायचं कुणाला? आज खाली आल्यावर फोन मिळाला. रडलो, तो म्हणाला. सगळ्यांच्या देखत रडलो. सुभेदारसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला.

 लतानं शेफालीला पुढं ओढलं. शेफालीनं कान गजाला लावला, डोळे मिटले आणि एवढंच विचारलं, जेवलात का. उत्तर आलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग तिनं कान काढला. फोन बंद पडला होता.

ओसरीवर बातमी पोचली तेव्हा भावजी म्हणू शकले असते, म्या काय सांगत व्हतो. ते म्हणाले नाहीत. गरज नव्हती. चैत्राली भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा रंग उडाला होता.

"मी गात नाही," ती म्हणाली. "गाणं काढून टाकते. आत्ता वरदला सांगते. दादाला मी... मी असं करायला नको होतं."

 शेफालीनं नणंदेचा हात धरला, बऱ्याच दिवसांनी. कुमार उठून उभा राहिला. सगळं मिटलं होतं, आणि लतानं तोंडातून शब्द न काढता मिटलं होतं.

पण लता उंबऱ्यावर बसली होती आणि तिच्या डोक्यात म्हातारीचं बोलणं जात्यासारखं फिरत होतं. इंद्रजित रडला. खरं समजून रडला. त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे लागू पडलं. पण तो रडला आईसाठी. आयुष्य वाढलं ते तिचं. त्या बर्फातून, त्या तोफांखालून पोरानं आयुष्य धाडलं ते हिर्डोशीत बसलेल्या आईला, जिला त्याचा काही उपयोग नव्हता. आणि त्याच्यासाठी अजून कुणी रडलं नव्हतं. जे रडू शकले असते त्या सगळ्यांना तो जिता आहे हे ठाऊक होतं.

"भावजी," ती म्हणाली. आज त्यांनी रीत मोडली होती, तिनंही मोडली. "माझं ठरलं. ती गाईल."

"आई!" शेफाली म्हणाली.

"गाईल. पण चैतू, माझा भाऊ सीमेवर आहे म्हणून तू सुरुवातीला सांगतीस ना? ते सांगायचं नाही. कुणाचं नाव नाही, कोण जितं आहे ते नाही. नुसतं गायचं. भोरात तुला ओळखणारे किती? बाकीच्यांना काय ठाऊक?"

चैत्रालीला समजायला क्षणभर लागला. मग ती चिडली, आणि तिची चीड बघून लताला हायसं वाटलं, लेक पुन्हा जागेवर आली होती. ती म्हणाली, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. मी सांगते ते मुद्दाम सांगते. माणूस जिता आहे, अजून वेळ आहे, हेच तर गाणं आहे. ते काढलं तर लोकांना वाटेल मेलेल्यासाठी रडतेय.

"वाटू दे."

"मी लढाई नको म्हणून गाते, आई. कावळ्यासाठी नाही."

"तू लढाईसाठी गा. तुला कोण अडवतंय? थांबली तर देव पावला. पण थांबंपर्यंत माझं पोरगं तिथं आहे." लताचा आवाज फुटला नाही. "मला त्यांचं रडणं पाहिजे."

चैत्रालीनं शेफालीकडं पाहिलं, आपल्या बाजूनं कुणीतरी बोलेल या आशेनं. शेफालीनं तिचा हात सोडला नव्हता, पण मान लताकडं वळवून ती हळूच म्हणाली, सुरुवातीचं नको सांगूस. ओसरीवरची फळी पुन्हा एकदा बदलली होती. सकाळी गाणं नको म्हणणाऱ्यांना आता ते हवं होतं, आणि ज्यासाठी हवं होतं ते गाणारीला पटत नव्हतं.

 या असल्या गोष्टींवर भावजींचा विश्वास नव्हता, तसं त्यांनी फौजेत असताना अनेकांना समजावून सांगितलं होतं. शेवटी ते भिंतीकडं वळले.

"कुमार, दोनची गाडी चुकंल. सांग समद्यांना."

भोरला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. ऊन कललं तशी माणसं जमली. कॉलेजातली पोरं पुढं, बाजारहाट उरकून आलेल्या बायका कडेला. भावजी दारात उभे होते, साधा सदरा, पायजमा. हिर्डोशीची पोरं आली. भावजींनी त्यांना काय सांगितलं ते लताला ऐकू आलं नाही, पण पोरं आत आली आणि हाताची घडी घालून मागं उभी राहिली. गोंधळ घातला तर आत्ताच घालतील, असं ती दर मिनिटाला धरून चालत होती.

सखूबाईंनी यष्टीतच सगळ्यांना ताकीद दिली होती. कुणी डोळ्याला पदर लावायचा न्हाई. आपल्याला ठावं हाय, आपलं रडनं मधी आलं तर नासतं. म्हणून कुमार एकीकडं, शेफाली दुसरीकडं, सखूबाई खुर्चीवर, असे सगळे मुद्दाम लांब लांब होते. कार्यक्रमाला आलेल्या घरापेक्षा पहाऱ्यावर लावलेल्या माणसांसारखे दिसत होते.

चैत्राली माईकपुढं आली. "हे गाणं लढाईच्या विरोधात आहे," ती म्हणाली. "ज्यांना ते आवडणार नाही त्यांनी मागं थांबा, पण ऐका." एवढंच. ती पुढं काही बोलेल म्हणून लतानं श्वास धरला होता. वरदनंही तिच्याकडं पाहिलं. ती बोलली नाही. ड्रम सुरू झाला.

हार आला, फोटो आला. पुढची पोरं नाचायला लागली आणि दुसऱ्या कडव्याला नाचायची थांबली. रेघ पुसा, नाहीतर एकदा तुमचा पाठवा. मागून कुणीतरी शिवी हासडली. भावजी तिकडं वळले, शिवी एकच झाली. आणि मग वाद्यं बंद पडली. पटांगणात एवढ्या माणसांचं एवढं गप्प असणं लतानं कधी ऐकलं नव्हतं.

ताटातला भात निवला, दादा.

चैत्रालीनं जोर दिला नाही. आवाज दमून तिथंच तुटला. सखूबाईंची मान खाली गेली, डोळे कोरडे. शेफालीनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं. लता माणसांचे चेहरे बघत होती. एका पोरानं मोबाईल धरलेला हात खाली घेतला. दुसरा नुसताच उभा. कुणाच्या डोळ्यात काही दिसेना, आणि हेल संपत आला होता.

शेजारी एक बाई उभी होती. भाटघरकडची असावी, बाजाराची पिशवी पायाशी, कडेवर झोपलेलं लेकरू. ती पदरानं डोळे पुसत होती, पण ते पुसून आवरण्यासारखे नव्हते.

"कोन गेलं वं हिचं?" तिनं विचारलं.

लतानं तिच्याकडं नीट पाहिलं. पाणी खरं होतं. सगळ्या अंगानं तिला सांगावंसं वाटलं, कुणी नाही गं, दुपारीच फोन आला होता.

"भाऊ," ती म्हणाली.

"लढाईत?"

"लढाईत."

"आई हाय का वं त्येची मागं?"

"हाय," लता म्हणाली.

बाईला हुंदका आवरेना. लेकरू खाली पडेल म्हणून लतानं ते आपल्या कडेवर घेतलं, दुसरा हात बाईच्या पाठीवर ठेवला आणि तिला पुरतं रडू दिलं.